उठवणीचा रंग

डोंगरउतारावरच्या प्रत्येक घराच्या दारावर तेव्हा एक फळा असे, आणि पायाखालची जमीन किती सरकली ते तो रंगाने सांगे. आधी आकडे लावून पाहिले होते. लोकांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणून दरड केंद्रात हेमांगी खानविलकर रंगपट्ट्या लिहीत असे. काम दिसायला सोपं. शून्याला पांढरा, मध्यावर पिवळा, शेवटाला शेंदरी, असे तीन थांबे कोडच्या चार ओळींत बसवायचे. मधल्या शेकडो छटा संगणक आपणच भरून काढी, हळदीत थोडं थोडं कुंकू मिसळत जावं तसं.

झोरेवाडीत मात्र घोड्याने पेंड खाल्ली. फळे शेंदरी झाले तेव्हा वाडी खाली उतरायची सोडून नारळ घेऊन फळ्यांपुढे हात जोडून बसली. नशीब, तो नुसता सराव होता.

"अगं बाय, शेंदूर म्हंजी देव," धाकूबाबा झोरे हेमांगीला म्हणाले. वय ब्याऐंशी, घर सगळ्यात वरचं. "देव दारात आल्यावर घर सोडून जायचं व्हय?"

तिला हसू आलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली. शहरात बसून रंग निवडणाऱ्याला हे सुचणार कुठून?

सगळ्यांना एकच पट्टी, हा नादच तिने सोडला. प्रत्येक माणसाला बसल्या जागेवरून उठवणारा एखादा रंग असतो, असं तिचं म्हणणं होतं. त्या रंगाला डोळ्यातली बाहुली चटकन मोठी होते, पाय आपसूक हलतात. या रंगाला तिने 'उठवण' असं नाव दिलं. फळा महिनाभर हजार छटा दाखवी, माणसाचे डोळे टिपी, आणि ज्याची त्याची उठवण शोधून पट्टीच्या शेवटाला बसवी. मग सराव. तो रंग, भोंगा आणि पायाखाली हादरे, तिन्ही एकदम. पाच-सहा वेळा झालं की भोंग्याची गरज उरत नसे. नुसता रंग दिसला की माणूस पळत सुटे.

धाकूबाबांची उठवण निघाली पोपटी.

"हा बायजाआजीच्या लुगड्याचा रंग," त्यांची नात सगुणा म्हणाली. ती तालुक्याला नर्स होती. "आजी बाजार करून वर यायची ना, तेव्हा दुरून हा रंग दिसला की आबा ओटीवरून उठायचे. तिच्या डोक्यावरची पाटी घ्यायला."

हेमांगीचा हात थबकला. "मग हा नको. दुसरा शोधते."

"दुसरा आहे?"

नव्हता. दोन महिने शोधूनही सापडला नव्हता, आणि वरच्या कड्याची भेग वीतभर रुंदावली होती.

"टाका हाच," सगुणा म्हणाली. "आजी काही रागवायची नाही. म्हातारा जगला पाहिजे."

भाद्रपदात डोंगर खरोखर खाली आला. झोरेवाडीची सतरा घरं गाडली गेली, पण माणूस एकही नाही. धाकूबाबा तर सगळ्यांच्या आधी खाली पोचले होते, अनवाणी. हेमांगी त्या दिवशी आनंदाने रडली. केल्या कामाचं याहून मोठं चीज काय व्हायचं?

मार्गशीर्षात सगुणाचं लग्न निघालं. हेमांगीला आग्रहाचं बोलावणं होतं. कासाराने पोपटी चुडा भरला आणि भरल्या हातांनी सगुणा आजोबांच्या पाया पडायला वाकली. धाकूबाबा ताडकन उठले आणि काठीही न घेता मांडवाबाहेर पळाले.

हेमांगी मागे धावली. ते रस्त्यापलीकडच्या माळावर धापा टाकत उभे होते.

"बाबा, ती आपली सगुणा आहे."

"कळतंय गं. मला समदं कळतंय. पाय ऐकत न्हाईत."

"मी काढून टाकते तो रंग तुमच्या मनातून. उलटा सराव करू, थोडे दिवस लागतील," ती म्हणाली. असा सराव असतो की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

धाकूबाबा मातीत खाली बसले.

"सगुणी हात झाकून पाया पडंल, तिचं काय न्हाय. पर बायजा सपनात येती बग. त्येच लुगडं, डोक्यावर पाटी. हात दे म्हणून हाक मारती," ते म्हणाले. "आन् म्या पळत सुटतो."