पाच वॅटचा दिवा

सुतकाच्या आठव्या दिवशी सकाळी ऋतुराज कोल्हापुरातनं नवी बॅटरी घेऊन आला. सोबत एक छोटं मीटर होतं, किती वॅट वीज जातेय ते दाखवणारं. शिरोळच्या घरापुढं गाडी उभी होती. जुनी ट्रॅव्हलर. थोरल्या भावाला, राजवर्धनला, एकदा समुद्र बघायचा होता, म्हणून खाट-पंखा बसवून ऋतुराजनंच तिचं फिरतं घर केलं होतं.

"आता तरी दिवा टिकंल न्हवं?" शालूबाईनं उंबऱ्यातनं विचारलं.

"पाच वॅटचा बल्ब हाय, आई. वीस दिवस जळंल."

राजवर्धनचा जीव गाडीतच गेला होता. जिथं जीव गेला, तिथला दिवा तेराव्यापर्यंत विझू द्यायचा नाही; विझला तर गेलेल्याला वाट सापडत नाही, असं तिचं म्हणणं. गाडीत तेलाचा दिवा पेट घेईल म्हणून ऋतुराजनं बॅटरीवर बल्ब लावला होता. तो रोज चार तासांत विझायचा. बरोबर चार.

चार हा आकडाच त्याला नको झाला होता. दादाची ऑक्सिजनची मशीन तीनशे वॅटची. बॅटरीवर छापलेल्या आकड्यावरनं चोवीसशे वॅट-तास आले, त्याला तीनशेनं भागलं, आणि त्यानं छातीठोक सांगितलं, "आठ तास पुरंल, दादा. बिनघोर झोप." बॅटरी जुनी आहे, अर्धी मेलेली आहे, हे बघितलंच नाही. आजऱ्याच्या पुढं घाटात गाडी बंद पडली. मेकॅनिक आला पाच तासांनी.

बाराच्या ठोक्याला त्यानं नवी बॅटरी जोडली. बाहेर ऊस उन्हात निपचित उभा होता. गाडीत मात्र गारवा. आणि वास... दादाच्या नळीचा, ओलसर प्लॅस्टिकचा.

बल्ब लागला. मीटरवर आकडा आला. तीनशे पाच.

त्यानं पंख्याची वायर उपटली, चार्जरची उपटली. तीनशे पाच. मशीन तर भाड्याची होती, परवाच परत गेली होती. खाटेखाली नुसती मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेतनं आवाज येत होता... घर्र... फुस्स... घर्र... फुस्स...

"किती पुरंल रं, ऋतू?"

तो खाटेपासनं मागं सरकला.

"आठ... आठ तास, दादा."

"खरं सांग."

"चार," तो हुंदक्यातनं म्हणाला. "चारच पुरली. माझंच चुकलं, दादा..."

आवाज थांबला. मग अगदी कानाशी, दमलेल्या श्वासात...

"मग माझं ऱ्हायल्यालं चार?"

ऋतुराजनं बॅटरीच्या वायरी हातानं हिसडा देऊन तोडल्या आणि बाहेर उडी टाकली. सगळा मिळून दोन मिनिटांचा खेळ.

शालूबाई घराच्या दारातच उभी होती. "कुठं गेलतास रं? दुपारपास्नं हाका मारतीया. गाडीत बघितलं, तितं न्हाईस. चार वाजलं की."

त्यानं वर बघितलं. ऊन उसाच्या शेंड्यांवर कललं होतं.

आईनं त्याची हनुवटी उजेडाकडं वळवली. नाकापासून कानापर्यंत, दोन्ही गालांवर, बारीक लाल वळ उमटले होते. नळी रुतल्यासारखे. दादाच्या गालांवर शेवटचे सहा महिने असायचे तसे.

"ह्या कसल्या खुणा, बाळा?"

तो मागं वळून गाडीकडं बघत राहिला. आत दिवा जळत होता, आणि त्याच्या तुटक्या वायरी ऋतुराजच्या मुठीत होत्या.