खिळ्यावरचा मास्क

उत्तरेचा गार वारा सुटला आणि एस्पितात निम्मं गाव शिंकायला लागलं. विल्बर्थ चाब्लेनं शिंकण्यातही गावाला मागं टाकलं. गावातला सगळ्यात जुना बेकरीवाला तो. पाव भाजला गेलाय की नाही, हे भट्टीचं दार न उघडता नुसत्या वासावर सांगायचा. आता नाकच चोंदलेलं. घरचे मेलेले आठ दिवस पाहुणे येतात, त्या मृतांच्या दिवसांसाठी केलेले पाव काळेठिक्कर निघाले.

"असू दे," त्याची बायको एल्सी म्हणाली. "मेलेली माणसं नावं ठेवत नाहीत."

ती हसत होती, पण तिला काळजी होतीच, आणि ती काही पावांची नव्हती. विल्बर्थचा श्वास झोपेत अडकायचा. कित्येक वर्षं ती शेजारच्या, भिंतींना दोरीनं टांगलेल्या झोळीत जागी राहून त्याचा श्वास ऐकायची. थांबला की पायानं त्याच्या झोळीला ढोसायची. मग सीपॅप मशीन आलं, नळीतून मास्कमध्ये हवा यायला लागली, आणि दोघांनाही झोप लागली. मशीनशिवाय झोपायचं नाही, असं वायादोलिदच्या डॉक्टरांनी बजावलेलं होतं. आणि चोंदलेल्या नाकावर तो मास्क म्हणजे शिक्षाच.

"तोंडावर कुणी उशी दाबतंय असं वाटतं. सर्दी जाईपर्यंत राहू दे ना," विल्बर्थ म्हणाला.

"मग मी पुन्हा जागी राहू? माझे पाय आता तेवढे लांब पोचत नाहीत."

शेवटी तिनं शेजारून भाचीला बोलावलं. नेयदा दवाखान्यात नर्स होती आणि बोलायला फटकळ.

"काका, लहान मुलासारखं करू नका. उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालायचं, नाक धुवायचं. मशीनच्या टाकीत पाणी भरून ऊब वाढवायची, म्हणजे हवा कोरडी लागत नाही. हा नाकाचा मास्क ठेवा बाजूला. हा घ्या, नाक-तोंड दोन्ही झाकणारा. डोक्याकडची बाजू उंच हवी. आणि हे बटण दाबलं की हवा एकदम अंगावर येत नाही, हळूहळू वाढते."

"पोराला पाण्यात उतरवतात तशी?"

"तशीच. आणि मास्क रोज साबणानं धुवून वाळवायचा. स्वतःचीच सर्दी परत कशाला घेता?"

एल्सीनं झोळीची डोक्याकडची दोरी इतकी उंच बांधली, की डोळा लागताच विल्बर्थ पायाकडून घसरत थेट फरशीवर आला. एल्सी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दोरी जरा खाली घेतली, बटण दाबलं, आणि ऊबदार हवेत तो असा झोपला, की भट्टी पेटवायला त्याला गदागदा हलवावं लागलं.

त्यानं मास्क धुतला आणि मशीनला जोडलेल्या नळीसकट झोपायच्या खोलीत, परसदाराजवळच्या खिळ्यावर अडकवला.

"तिथे नको," एल्सी म्हणाली. "तो एकट्याचा खिळा."

घरातल्या मेलेल्यांसाठी टेबल मांडलेलं होतं. ज्याचं या जगात कुणी उरलं नाही, त्या आत्म्यासाठी दर वर्षी त्या खिळ्यावर खाणं भरलेली भोपळ्याची वाटी टांगायची पद्धत होती.

"वाटी यंदा संत्र्याच्या झाडाला लावलीय. आत्मा आहे तो, शोधेल की."

"म्हाताऱ्या, खिळ्यावर टांगलं ते त्याचं होतं."

विल्बर्थ शिंकला आणि कामाला लागला.

त्या संध्याकाळी मास्क त्याच्या डोक्यावर बसेना. "पट्टे कुणी आवळले गं?"

"कोण आवळणार? तुझंच डोकं सर्दीनं फुगलंय."

दुसऱ्या दिवशीही पट्टे आवळलेलेच निघाले. भरून ठेवलेली टाकीही कोरडी पडली होती. एल्सी म्हणाली, टाकी गळत असेल. पण तिनं खालच्या फरशीवरून हात फिरवला तेव्हा फरशी कोरडी होती.

मग एका दुपारी दोघं स्वयंपाकघरात, जमिनीत पुरून भाजलेला मक्याचा पिब फोडत होती. विल्बर्थ पहिला घास तोंडाशी नेतो न नेतो, तोच आतून मशीनची घरघर आली. मास्कमध्ये कुणी श्वास घेतला की ते आपोआप सुरू व्हायचं. घास तसाच राहिला.

दारातून त्यांनी पाहिलं. मास्क खिळ्यावर लटकत होता. त्याच्या आतल्या बाजूला धुकं धरत होतं, विरत होतं, पुन्हा धरत होतं.

"वाऱ्यामुळे होतं तसं," एल्सीनं हाक मारून सांगितलं तेव्हा नेयदा कुंपणापलीकडून ओरडून म्हणाली. "परसदार लावा."

त्यांनी दार लावलं. खोलीतला पडदाही हलत नव्हता. धुकं मात्र येत होतं आणि जात होतं.

विल्बर्थ घाबरला. त्यानं मास्क ओढून काढला आणि कपाटात कोंबला. "माझा आहे तो. मला लागतो," तो कुणाला तरी म्हणाला.

त्या संध्याकाळी त्यानं मास्क चढवला, आणि मशीन सुरूच होईना. वीज होती, दिवा हिरवा होता. विल्बर्थ छातीभर श्वास ओढत राहिला आणि मशीन ढिम्म. सकाळी एल्सीचे डोळे लाल होते आणि पाय दुखत होता.

"पुरे झालं," ती म्हणाली. तिनं मास्क पुन्हा खिळ्यावर लावला, खाली रमचा पेला आणि सिगारेट ठेवली, कमरेवर हात ठेवले. "हे बघ, भाऊ. तू एकटा आहेस, मला वाईट वाटतं. पण हा श्वास माझ्या नवऱ्याचा. तुला हवा तर दिवसा घे. संध्याकाळी त्याचा त्याला द्यायचा. आणि आठवा दिवस आला की सगळ्यांबरोबर निघायचं. काय?"

"उत्तर देईल म्हणतेस?" विल्बर्थनं विचारलं.

"तू गप्प बस. तुझ्यामुळेच झालंय हे."

दुपारपर्यंत रममध्ये मुंग्या पडल्या. सिगारेट तशीच होती. एल्सीनं मास्क हातात घेतला आणि पट्ट्यांवरून बोट फिरवलं. पट्टे अगदी शेवटपर्यंत आवळलेले होते.

ती आत गेली आणि गरम चॉकलेट प्यायची सगळ्यात लहान वाटी घेऊन आली. पट्ट्यांच्या मधे ती डोक्यासारखी उपडी घातली.

बरोब्बर बसली.

"अगं बाई," एल्सी हलकेच म्हणाली. "आणि मी याला रम देत होते."

तिनं रम संत्र्याच्या मुळाशी ओतली. त्या लहान वाटीत चॉकलेट गरम करून आणलं, फुंकून कोमट केलं आणि खिळ्याखाली ठेवलं. मग विल्बर्थनं पुढे होऊन ते बटण दाबलं, हवा हळूहळू वाढवणारं.

त्या संध्याकाळी मशीन पहिल्याच श्वासाला सुरू झालं.

आठव्या दिवशी गावानं दगडी कुंपणांवर मेणबत्त्या लावल्या, परत जाणाऱ्यांना वाट दिसावी म्हणून. एल्सीनं एक बुटकी मेणबत्ती जास्तीची लावली. "जा हं, बाळा," ती म्हणाली आणि डोळे पुसले. पावही त्या दिवशी छान सोनेरी निघाले होते. अर्थात विल्बर्थनं ते दार उघडून, डोळ्यांनी बघून काढले होते.

मेणबत्त्या विझायला आल्या तेव्हा तो झोळीत शिरला. एल्सी शेजारच्या झोळीत केव्हाच गाढ झोपली होती, पाय आत घेऊन. त्यानं पट्टे सैल केले, मास्क चढवला, श्वास घेतला. आणि नाक मोकळं झालं. किती दिवसांनी! त्याला हसू आलं.

मग त्याला वास आला. मास्कच्या आत चॉकलेटचा वास होता, ताजा, कोमट.

त्यानं एल्सीला हाक मारली नाही. झोपू दे तिला, त्याला वाटलं. हवा हळूहळू वाढत होती आणि दोघांना पुरण्याइतकी होती. तो झोळीत अलगद एका कुशीला सरकला.

त्यानं मोकळ्या केलेल्या जागी झोळी किंचित खाली गेली.