मुकी चौकट

रंभाचा अंगठा फोनच्या काचेवर टेकला की तिची मान किंचित उजवीकडे कलायची. फोनमधला आवाज ऐकायला. नाव, गाव, शिक्षण, प्रत्येक चौकटीपाशी आवाज बोलत होता. 'अर्ज पाठवा' दाबल्यावर मात्र मान कललेलीच राहिली. फोन गप्प होता.

"गेला का, ताई?"

सायलीला दिसत होतं. गेला नव्हता. जन्मतारखेच्या चौकटीची कड लाल झाली होती, केसाइतकी बारीक. खाली एक शब्द नव्हता.

रंभाला जन्मापासून दिसत नाही. कुरकुंभच्या एका औषध कंपनीत टेलिफोन ऑपरेटरची जागा निघाली होती. अर्जाची मुदत काल संपली. अर्ज भरायची वेबसाइट सायली आणि तिचा नवरा इंद्रजीत यांनी शिरूरच्या आपल्या ऑफिसात बनवलेली. आज सकाळी मदतीच्या नंबरवर रंभाचा फोन आला होता. "ताई, माझा अर्ज कुणीतरी अडवला."

सायली तशीच रंभाच्या गावी, राहूला आली होती. आता तिने त्याच फॉर्मची सरावाची प्रत रंभाच्या फोनवर उघडून दिली होती.

निघताना इंद्रजीत लॅपटॉपवरून नजरही न काढता म्हणाला होता, "आता जाऊन काय उपयोग? साल नीट टाकलं असतं तर गेला असता अर्ज."

"कुणी अडवला ते मला ठावं हाय," रंभाची आई गीताबाई दारातून म्हणाली. "ह्यो हनुमंता. बहीण कामाला गेली तर ह्याचं नाक कापलं जातंय!"

रंभाचा भाऊ हनुमंत नुकताच कामाची पाळी संपवून आला होता. "आये, देवाशप्पत हात न्हाई लावला. उलट म्हनलं, दे, मी भरतो. तर हीच ऐकंना."

"तुम्ही या फोनवरून कधी अर्ज भरलाय?" सायलीने विचारलं.

"भरला की, दोस्ताचा. ह्याच साइटवर. झटक्यात गेला."

"जन्मतारीख कशी टाकली?"

"क्यालेंडर उघडतंय न्हवं? त्यात बोट लावलं."

"बघा," रंभा म्हणाली. तिची मान खाली गेली होती. "फोन त्योच. मलाच जमत न्हाई. अन् निघाले ऑपरेटर व्हायला."

सायली तिच्याकडे वळली.

"तू तारीख कशी टाकतेस?"

"टाइप करून. क्यालेंडरमधी लई येळ जातो."

"काय टाइप केलंस?"

"चौदा, तीन, अठ्ठ्याण्णव."

"एकोणीसशे नाही लिहिलं?"

"एकोणीसशे कोण म्हनतंय, ताई? मी अठ्ठ्याण्णवची, आई बहात्तरची."

"दुष्काळातली," गीताबाई म्हणाली. "म्हनून तर अशी वाळकी."

हनुमंत हसला. सायलीला हसू आलं नाही. तिला कुरकुंभची बैठक आठवली.

फॉर्म तयार झाला तेव्हा तिने तो कंपनीत दाखवला होता. फोनचा वाचणारा आवाज मोठा केला आणि भरतीप्रमुख सर्जेरावांच्या हातात फोन दिला. सर्जेराव म्हणजे इंद्रजीतचे सख्खे मामा. मामांनी आपलं जन्मसाल दोन अंकी लिहिलं. फोन भर बैठकीत खणखणीत बोलला, "जन्मतारीख चुकली. साल चार अंकी लिहा." कुणीतरी म्हणालं, "मामांचं वय फोनलाबी पटंना!" सगळे हसले. सायलीही हसली. मामाही हसले, पण चहाला थांबले नाहीत. इंद्रजीतला हाक मारून गाडीपाशी गेले.

म्हणजे तेव्हा तो फॉर्म बोलत होता.

शिरूरला परतल्यावर तिने आधी फॉर्ममध्ये झालेल्या बदलांची नोंद उघडली. मग इंद्रजीतसमोर खुर्ची ओढली.

"तारखेखालचं वाक्य कुणी काढलं?"

"कुठलं वाक्य?"

"चूक सांगणारं. फोन ते मोठ्याने वाचायचा. आता नुसती लाल कड आहे."

"नोंदीत बघ ना."

"बघितलं. माझं नाव आहे."

"मग मला काय विचारतेस?"

"बैठकीच्या दुसऱ्या दिवशीचा बदल आहे. मी मांडवगणला आईकडे होते. लॅपटॉप इथे, उघडा, माझ्या नावाने."

"कंपनीतल्या कुणी—"

"त्यांना आपला कोड उघडत नाही. आणि सकाळी मी तुला एवढंच म्हणाले की एका मुलीचा अर्ज जात नाही. कुठे अडतो ते मलाही माहीत नव्हतं. तू मात्र म्हणालास, साल."

इंद्रजीतने लॅपटॉप हळूच मिटला.

"मामांनी गाडीपाशी बजावलं," तो म्हणाला. "'चार माणसांत माझी शोभा केली, ती बडबड पहिली काढ.' मला वाटलं, लाल कड आहेच की. दिसतंच..."



"कुणाला दिसतं?" सायली म्हणाली. "मामांनी साल दोन अंकी लिहिलं, रंभानेही. इकडे सगळे तसंच म्हणतात, मीसुद्धा. मामांना त्यांची चूक कळली, कारण फॉर्म बोलला. रंभाला कळली नाही, कारण तू त्याचं तोंड बंद केलंस. हनुमंतने कॅलेंडरमधून तारीख निवडली, साल आपोआप पूर्ण आलं, दोस्ताचा अर्ज गेला. बहिणीचा गेला नाही म्हणून तो घरात चोर ठरला. आणि ती पोरगी मान खाली घालून म्हणते, मलाच जमत नाही."

इंद्रजीतला वर बघवेना. "तिचा अर्ज मी आतून टाकतो. कालची तारीख लावून. कुणाला कळणार नाही."

"ज्यांनी आपल्याला फोन केला नाही, त्यांचे अर्ज कुठून टाकशील?"



सायलीही मामांपुढे त्याच्यापेक्षा वेगळी वागली नव्हती. हे काम मामांनी मिळवून दिलेलं. त्यांचं ऊठसूट बदल सांगणं तिला पटत नव्हतं. एकदा स्पष्ट बोलायचं, असं ती दर सणाला ठरवायची आणि पुढच्या सणावर ढकलायची. त्या दिवशी मामा चहा टाकून उठले, तेव्हाच तिला पुढचं कळायला हवं होतं. कळलंही होतं थोडंसं. मांडवगणहून आल्यावर तिने फॉर्म पुन्हा उघडून पाहिला नव्हता.

तिने फोन घेतला.

"सायली, नको," इंद्रजीत म्हणाला. "मी बोलतो त्यांच्याशी. सवडीने."

पलीकडे रिंग वाजली. तिने आवाज मोठा करून फोन दोघांच्या मध्ये ठेवला.

"बोला सूनबाई! आज कशी आठवण झाली मामाची?"



"मामा, तुम्ही काढायला लावलेलं वाक्य मी फॉर्ममध्ये परत घालतेय. अर्जाची मुदत वाढवून द्या. जमणार नसेल, तर तुमचं काम आम्ही आजपासून सोडलं."