धाडकन आदळणारं दार

"मावशी, सरक!" छोटी किंचाळली.

मावशी झटकन मागे झाली आणि व्हॅनचं मागचं दार धाडकन खाली आदळलं!

मावशीची ती जुनी व्हॅन म्हणजे फिरतं वाचनालय. मागच्या दाराच्या आतल्या बाजूलाही तिने पुस्तकांचा कप्पा बसवून घेतला होता. उद्या सकाळी त्या दाराशी मुलांची झुंबड उडणार होती.

"पण दांडे तर कालच नवे बसवले!" छोटीचा दादा चक्रावला. दार वर तोलून धरणारे, गॅस भरलेले ते दोन काळे दांडे अजून चकचकीत होते.

दोघांनी गॅस संपला म्हणून काढलेले जुने दांडे शोधून काढले. दादाने टेप लावली. "लांबी तंतोतंत तेवढीच!"

"दांड्यावर छापलेला जोराचा आकडा बघ ना!" छोटीने जुन्या दांड्यावरचं ग्रीस खसाखसा पुसलं. "साडेसहाशे! आणि नव्यावर... चारशे!"

मावशीने कपाळावर हात मारला. "अगं, कप्पा बसवला तेव्हा जास्त जोराचे दांडे घेतले होते मी! साफ विसरले!"

तिघं व्हॅन घेऊन तडक दुकानात गेले.

"काल जुने दांडे दाखवले होते ना तुम्हाला?" मावशीने विचारलं.

"लांबी जुळली की झालं," दुकानदार मान वर न करता म्हणाला. "सगळे सारखेच असतात."

"मग काका, जरा आमच्या दाराखाली उभे राहता?" छोटीने गोड आवाजात विचारलं. "मी हात सोडते."

दुकानदार दोन पावलं मागे सरकला! मग त्याने आणखी दोन जोड्या काढल्या.

"ही नऊशेची घेऊ! एकदम दणकट!" दादा म्हणाला.

"आणि दार बंद करायला मावशीने लोंबकळायचं का? साडेसहाशेचीच हवी!" छोटी म्हणाली.

दांडे बसले. पुस्तकांनी भरलेलं दार अलगद वर गेलं आणि तिथेच थांबलं. छोटीने ढकलून पाहिलं, दादाने हलवून पाहिलं. दार ढिम्म हललं नाही!

"इतकी वर्षं दांडे विकतोय, पण आकडा नीट बघायचा कंटाळा केला," दुकानदार ओशाळून म्हणाला. "चुकलंच माझं. पोरं हुशार आहेत हो तुमची!"

दुसऱ्या दिवशी मुलांनी व्हॅनला गराडा घातला, तेव्हा मावशीने दोन्ही भाचरांना खांद्याला धरून पुढे आणलं.

"पुस्तकं नंतर!" ती म्हणाली. "आधी या दोघांना भेटा."