सत्त्याऐंशी पट पूल

"हा पूल मला बांधता येणार नाही," गवंडी म्हणाला, तेही भर ग्रामसभेत.

गवंडी म्हणजे तालुक्याचा बांधकाम करणारा यंत्रमानव. माती, चुना आणि धागे यांचा गारा करून तो थरावर थर देत भिंती, टाक्या, पूल उभे करायचा. आंबेदऱ्यात त्याचा मुक्काम शुक्रवारपर्यंत होता. नंतर तो पुढच्या गावी जाणार आणि थेट दिवाळीनंतर परतणार. पावसाळ्यात ओढा भरला, की पलीकडच्या वाडीतल्या अकरा मुलांना शाळेसाठी चार किलोमीटरचा वळसा पडे. म्हणून गावाला पूल हवा होता, आणि त्यासाठी गावानं निवडला होता बारा वर्षांच्या यामिनीचा पूल.

तो पूल आबांच्या घरी, मोठ्या टेबलावर उभा होता. आबा म्हणजे यामिनीचे आजोबा. कोणता पदार्थ किती ताण सोसतो, याचा अभ्यास करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी आणि यामिनीनं मिळून घाटातल्या रेल्वेची छोटी प्रतिकृती उभारायला घेतली होती. तारेच्या जाळीवर खळीत भिजवलेले कागद चिकटवून, वर प्लास्टर थापून डोंगर केले होते. हिरव्या रंगात बुडवलेल्या स्पंजच्या तुकड्यांची झाडी होती. स्टेशनचं छप्पर खोक्याच्या पन्हाळी पुठ्ठ्याचं होतं. सगळ्याचं प्रमाण (खरी वस्तू प्रतिकृतीच्या किती पट मोठी, ते सांगणारा आकडा) सत्त्याऐंशी होतं. दरीवरचा चाळीस सेंटिमीटरचा पूल यामिनीनं एकटीनं केला होता. खांब बारीक, उंच, बगळ्याच्या पायांसारखे. आणि तो पुठ्ठ्याचा नव्हता. गवंडी वापरतो त्याच गाऱ्याचा होता.

"का नाही बांधता येणार?" यामिनीचा आवाज चढला. "माझ्या पुलावरून इंजिन जातं, सहा डबे जातात. पूल जरासुद्धा हलत नाही!"

"सत्त्याऐंशी पट मोठा केला, तर तो स्वतःच्याच वजनानं मोडेल."

"कसा काय?"

"समजावणं माझ्या कामात येत नाही," गवंडी म्हणाला. "शुक्रवारपर्यंत दुसरा आराखडा द्या."

यामिनी तडक घरी आली. तिचे डोळे भरून आले होते, पण रडू फुटण्याआधीच तिला राग आला.

"आबा, तो खोटं बोलतोय. आकार तोच, गारा तोच. फक्त मोठा. मग मोडेल कसा?"

डोंगर करताना उरलेल्या प्लास्टरचे एक-एक सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे आबांनी डब्यातून काढून तिच्यापुढे ओतले.

"हा एक ठोकळा. असाच, पण लांबी, रुंदी, उंची दुप्पट असलेला ठोकळा रचून दाखव बरं."

यामिनीनं खाली चार आणि वर चार ठोकळे ठेवले.

"किती लागले?"

"आठ."

"म्हणजे वजन आठपट झालं. आणि टेबलाला किती टेकलेत?"

"चार."

"म्हणजे आठांचं ओझं चौघांवर. पहिल्या वेळी एकाचं ओझं एकावर होतं. आता तिप्पट कर."

ते करायला वेळ लागला. खाली नऊ, असे तीन थर. सत्तावीस ठोकळे. त्यांचा भार नऊ ठोकळ्यांवर. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला तीन.

यामिनी ठोकळ्यांकडे बघतच राहिली. मग सावकाश म्हणाली, "दुप्पट केलं तर प्रत्येकावर दोन. तिप्पट केलं तर तीन. म्हणजे सत्त्याऐंशी पट केलं तर..."

"बोल."

"प्रत्येकावर सत्त्याऐंशी."

"बरोबर. खांबाची ताकद त्याच्या छेदावर (खांब आडवा कापला तर जी चकती दिसते, तिच्या पसाऱ्यावर) ठरते. वजन मात्र घनफळावर (वस्तूनं एकूण किती जागा व्यापली, त्यावर) ठरतं. वस्तू मोठी होते तेव्हा दोन्ही वाढतात, पण वजन पुढे पळतं. मुंगीचे पाय दोऱ्यासारखे असले तरी चालतं. हत्तीला मात्र खांबासारखेच पाय लागतात."

"पण मला हे आधी कळणार कसं? खरा पूल बांधून बघता येत नाही."

"छोट्या पुलाला मोठ्या पुलाइतका त्रास द्यायचा," आबा म्हणाले. "तुझ्या पुलाचं वजन किती?"

दोनशे ग्रॅम. सत्त्याऐंशीनं गुणलं, तर सतरा किलो चारशे ग्रॅम. यामिनीनं कापडाच्या लहान लहान पिशव्या शिवल्या, त्यांत वाळू भरली आणि पुलावर सगळीकडे सारख्या पसरत नेल्या. एक किलो. दोन. पाच. सहाव्या किलोला कट्कन आवाज झाला. मधला खांब मोडला आणि तिचा पूल प्लास्टरच्या दरीत कोसळला. महिनाभराची मेहनत होती ती. यामिनीनं तुकडे गोळा केले, कोणता भाग आधी तुटला ते पाहिलं आणि वहीत लिहून ठेवलं.

मंगळवारी तिनं नक्षीकाम वगळून नुसता साधा पूल पुन्हा केला, या वेळी जाड खांबांचा. खांब टिकले, पण त्यांच्यावरचा सपाट रस्ताच मधोमध मोडला. बुधवारी तिनं रस्त्याखाली कमान घेतली. कमानीत भार दोन्ही बाजूंच्या काठांकडे ढकलला जातो. पूल आता जड झाल्यानं त्याला चोवीस किलो पेलायला हवे होते, पण कमान एकोणीस किलोंनाच तडकली. गुरुवारी कमानीचे पाय बुडाशी रुंद आणि वर निमुळते केले. हा पूल तीनशे ग्रॅमचा झाला, म्हणजे त्याला निदान सव्वीस किलो पेलायला हवे होते. सव्वीस झाले. माणसांचा आणि वाऱ्याचा भार धरून यामिनीनं वाळू चाळीस किलोंपर्यंत नेली. शेवटची पिशवी तिनं अगदी मधोमध ठेवली. पूल जरासुद्धा हलला नाही.

शुक्रवारी सकाळी ती आराखडा घेऊन ओढ्यावर गेली.

"पहिला पूल चुकला होता. तुझं बरोबर होतं," ती गवंडीला म्हणाली. पंच मंडळी ऐकत होती, तरी तिनं ते मोठ्यानं सांगितलं.

गवंडीनं आराखडा पाहिला. "बांधता येईल," एवढंच म्हणून त्यानं गारा मळायला घेतला. पुलासाठी त्यानं मुक्काम नऊ दिवसांनी वाढवला. पाऊस सुरू होण्याआधी वाडीतली अकराही मुलं पुलावरून शाळेत आली, आणि त्यातली दोघं तर धावतच.

गवंडी निघण्याच्या दिवशी यामिनी त्याच्याजवळ घुटमळली. वजनाचा प्रश्न काही तिच्या डोक्यातून जात नव्हता.

"चंद्रावर सगळ्याचं वजन सहापट कमी होतं ना? मग तिथं हाच पूल सहापट मोठा केला, तरी खांबांवर इथल्याइतकाच ताण येईल!"

"बरोबर," गवंडी म्हणाला. "पुढच्या वर्षी माझी बदली चंद्रावरच्या वसाहतीत आहे. तिथं एका दरीवरून रेल्वे न्यायची आहे."

"केवढी दरी?"

"सव्वादोनशे मीटर. पुलाचा आराखडा अजून कोणी दिलेला नाही."

यामिनीनं वही उघडली आणि गवंडीला म्हणाली, "थांब जरा. दरीची खोली सांग."