आतला अडसर

"नको रे हरी! ही एवढी खोली सोड… माझ्या गळ्याची शपथ आहे तुला, ह्या दाराला हात लावू नकोस!"

द्वारका दोन्ही हात चौकटीला लावून दारात आडवी उभी राहिली. पांढऱ्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घसरला होता, त्याचंही तिला भान नव्हतं. समोर हातात पहार घेऊन तिचा धाकटा दीर हरी, आणि त्याच्यामागे चुन्याच्या बालद्या, कुंचे, घमेली जागच्या जागी ठेवून गृहमंडळीचे सगळे स्वयंसेवक थबकलेले!

कर्जत स्टेशनामागची ही इंजिनवाल्यांची चाळ. हरीच्या लहानपणी आलेल्या मानमोडीच्या तापाच्या साथीत ती ओस पडली ती पडलीच. गावातल्या बिऱ्हाडकरूंनी सहकारी गृहमंडळी काढून मोडकळीला आलेली ही चाळ घेतली, आणि दर रविवारी अंगमेहनतीनं एकेक खोली राहती करायला सुरुवात केली. ज्या कुटुंबानं जी खोली उभी करायची, ती त्या कुटुंबाची. आणि हरीनं मागून घेतली होती ती नेमकी ही शेवटची! कुलूप घातलेली, छप्पर खचलेली… ज्या खोलीत त्याची आई गेली ती!

"बाजूला हो," हरी म्हणाला. शाळेत मुलांना शिकवणारा हा शांत माणूस, पण आता त्याचा आवाज नुसता कापत होता. "दार उघडलं की तुझं पाप दिसेल, म्हणून आडवी पडतेस होय? जिवंत माणसाला कोंडून कुलूप घातलंस! मी 'आई कुठंय' म्हणून विचारलं, तर 'पुढं गेली माझ्या माहेरी, कशेळ्याला' म्हणालीस! तोंड उघडून एकदा तरी सांग सगळ्यांदेखत, खोटं आहे हे?"

द्वारकेनं खाली मान घातली.

"खोटं नाही," ती पुटपुटली. "कुलूप मीच घातलं."

जमलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. हरीची बायको विमल, तिला सातवा लागलेला, ती तेवढी पुढं आली. "अहो, पुरे ना आता! वहिनींनीच तर तुम्हांला लहानाचं मोठं केलं…"

"केलं! करणारच! मनाला टोचणी होती ना! तुला बाळंतपणाला ती हवी आहे, ठाऊक आहे मला. पण माझ्या घराचा उंबरा ती ओलांडणार नाही. नाही म्हणजे नाही!"

मंडळीचे म्हातारे अध्यक्ष तात्या मध्ये पडले. "अरे, आधी भाकरी खा. उपाशीपोटी भांडू नये माणसानं. दार काय पळून जातंय?" असं म्हणत त्यांनी हरीच्या दंडाला धरून त्याला जवळजवळ ओढतच ओट्याच्या दुसऱ्या टोकाला नेलं.

दारापाशी द्वारका एकटी उरली. दार उघडणार! आज नाही तर उद्या, पण उघडणारच! आणि मग हरीला कळणार… इतकी वर्षं ज्याच्यासाठी शिव्याशाप पदरात घेतले, तात्यांच्या परसातल्या पडवीत दुसऱ्यांची दळणं दळत दिवस काढले, ते सगळं मातीला मिळणार!

लुगड्याचा काचा घट्ट मारून ती चाळीच्या मागच्या अंगाला गेली. तिथं छपराचं पाखं खाली उतरलेलं, आणि वाडीवरचा गोमा वर बसून फुटकी कौलं उतरवत होता.

"गोमा, शिडी आत सोड."

"वैनी, येड लागलं का तुमाला? वासं कुजल्यात पार. खाली आलं म्हंजी?"

"सोड म्हणते ना! तुझ्या पाया पडते बाबा!"

"पाया नका पडू," गोमा कावराबावरा झाला. "मी धरतो शिडी. पर बेतानं हां!"

ती आत उतरली. मोडक्या छपरातून ऊन खाली येत होतं, जमिनीवर कौलांचा खच पडला होता. आणि दाराशी… सगळं जसंच्या तसं! दाराला आतून अडसर घातलेला, आणि अडसराला टेकवून जातं! सासूबाईंचं दळायचं जातं!

द्वारकेच्या डोळ्यांपुढून ती संध्याकाळ सरकली. ताप चढताच सासूबाईंनी तिला बाहेर काढून अडसर सरकवला होता. "द्वारके, पोर दिवसभर माझ्या अंगाला चिकटतं. त्याला घेऊन तुझ्या माहेरी जा. मी आत आहे कळलं तर ते हलायचं नाही. बाहेरून कुलूप घाल, रिकाम्या घराला घालतात तसं. तू नाही म्हणालीस तरी मी दार उघडायची नाही, दाराला जातं लावीन! आणि 'आई माझ्यापायी मेली' असं त्याच्या मनात जन्मात येऊ देऊ नकोस. घे शपथ!" द्वारका पोराला कशेळ्याला पोचवून तशीच पायी परत आली होती… पण तोवर कुणीतरी वरून कौलं काढून सासूबाईंचं प्रेत नेलं होतं. कुलपाकडे, दाराकडे कुणी बघितलंसुद्धा नव्हतं.

तिनं अडसर ओढून काढला. आता जातं! तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. जातं हलेना. त्या तापलेल्या, फणफणलेल्या बाईनं ते ओढलं तरी कसं असेल? द्वारकेची बोटं सोलवटली. जमिनीत रुतलेला दगड तो, त्याच्यावरून दारापर्यंत वाळवीनं माती चढवलेली…

तेवढ्यात बाहेर कुलपावर पहार बसली. खाड्! कुलूप तुटून पडलं.

दार वीतभर आत आलं आणि अडलं.

"काय आहे आत?" हरीनं खांदा लावला. दार हलेना. "गोमा, आत कोण आहे रे?"

"वैनी हायेत," वरून गोमाचा घाबरा आवाज आला.

"दार सोड! ऐकतेस का? ओ दे!"

द्वारकेनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. एक शब्द बोलले तर रडू फुटेल, आणि रडू फुटलं तर सगळंच बाहेर येईल… ती जात्याला जमेल तेवढं अंगानं झाकून बसून राहिली.

हरी फटीतून वाकून बघत होता. मग त्याचा आवाज आला, अगदी निराळा.

"हे जातं दाराला कुणी लावलं?"

द्वारकेनं तोंडातला बोळा ओढून काढला. "मी… मी लावलं, आत्ता…"

"खोटं बोलू नकोस! त्याच्यावर वाळवीची माती आहे. वर्षानुवर्षांची… आणि हा खाली पडलेला अडसर… तो आतून होता? आतून?" पहार खणकन ओट्यावर पडली. "कुलूप तू बाहेरून घातलंस… आणि आतून? आतून कोण होतं गं?"

द्वारका हुंदके देऊ लागली. आता काय लपवायचं होतं!

"मी इथं उभा होतो," हरी अडखळत म्हणाला. "ह्याच दाराशी… तू कुलूप लावत होतीस आणि मी 'आई, आई' करून हाका मारत होतो. तेव्हा ती… ती ऐकत होती?"

"ऐकत होती रे! म्हणाली होती, तोंडात पदर कोंबीन, पण त्याला ओ देणार नाही. ओ दिली तर ते पोर जाणार नाही…"

हरी दाराशीच खाली बसला आणि लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडला. पलीकडे जात्याला टेकून द्वारका रडत होती. मध्ये ते दार! तात्यांनी डोळ्यांना उपरणं लावलं, विमल भिंतीला धरून उभी होती.

"का नाही सांगितलंस? इतकं बोललो मी तुला…"

"तू मला बोललास, ते सोसलं. मी सांगितलं असतं तर तू स्वतःलाच बोलत बसला असतास. ते मला बघवलं नसतं."

हरीनं फटीतून हात आत घातला, आणि तिचा सोलवटलेला हात चाचपून घट्ट धरला. इतक्या वर्षांत त्यानं जी हाक मारली नव्हती ती त्याच्या तोंडून आली.

"वहिनी!"

तिनं पुन्हा पदर तोंडात कोंबला. उत्तर येईना, तसा त्याचा जीव घाबरा झाला. तो पुन्हा ओरडला,

"वहिनी! अगं, तू तरी ओ दे ना!"

द्वारकेनं तोंडातला पदर काढला.

"ओ, बाळा," ती म्हणाली. "आहे मी. आहे."