आबांचं उसनं

तिला सगळी बॅच एक्स्प्रेस म्हणायची. कारण तीन मजले चढायला तिला दर मजल्यावर थांबा लागायचा. आता याला एक्स्प्रेस कोण म्हणतं? पण डॉक्टरकीला आलेल्या पोरांची विनोदबुद्धी ही अशीच.

लहानपणी सांधे सुजून ताप आला होता. ताप गेला, पण जाता जाता हृदयाची एक झडप बिघडवून गेला. ती झडप नीट मिटायची नाही. त्यामुळे सगळ्यांच्या छातीत लब-डब, तर हिच्या छातीत लब-फुस्स-डब. शिवाय मधूनच एखादा ठोका उंबऱ्याला ठेच लागल्यासारखा अडखळायचा. दर तीन आठवड्यांनी कमरेत एक इंजेक्शन. ते घेऊन ती लंगडत वर्गात यायची आणि पहिल्याच बाकावर टेकायची, कारण शेवटच्या बाकापर्यंत चालायची हौस उरलेली नसायची.

अशा वर्गात असं हृदय म्हणजे दारची दुभती गाय. वॉर्डातला पेशंट चिडतो, झोपतो, बरा होऊन घरी जातो. ही कुठे जाणार? परीक्षा जवळ आली की मैत्रिणी स्टेथोस्कोप घेऊन मागे लागायच्या, "एक्स्प्रेस, दोन मिनिटं फुस्स ऐकव ना." तिची अट एकच होती. जी ऐकेल तिनं बॅग तिसऱ्या मजल्यावर न्यायची.

आई म्हणायची, "एक तर डॉक्टर हो, नाहीतर पेशंट हो. दोन्ही डगरींवर हात कशाला?"

पण तिला व्हायचं होतं ते डॉक्टरच, आणि तेही वॉर्डातली. लहानपणी तिला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई स्टेथोस्कोप आधी तळहातावर घासून ऊन करायच्या आणि मगच तिच्या छातीला लावायच्या. तो ऊबदारपणा तिच्या मनातून कधी गेला नव्हता. सोमवारी वॉर्डातल्या ड्युट्यांसाठी तपासणी होती. मोठे सर तपासणार, आणि त्यांनी फिट म्हटलं तरच वॉर्ड. नाहीतर आयुष्यभर तळघरातल्या लॅबमध्ये काचपट्ट्या बघत बसायचं.

तिसऱ्या मजल्यावर सरावाची खोली होती, आणि तिथं आबा होते. आबा म्हणजे कमरेपर्यंतचा प्लास्टिकचा माणूस. पाय नाहीत, केस नाहीत, चेहरा मात्र निवृत्त हेडमास्तरासारखा. पाठीतून निघालेली वायर भिंतीत खोचलेली. बाजूला एक बटण, त्यावर आकडे. एकावर ठेवलं की निरोगी हृदय, मिनिटाला बहात्तर ठोके, एक कमी नाही की एक जास्त नाही. पुढच्या आकड्यांवर एकेक आजार.

शुक्रवारी बाकीचे राउंडला गेले आणि एक्स्प्रेस दम खात आबांजवळ बसली.

"तुमचं बरंय आबा," ती म्हणाली. "बटण फिरवलं की आजार गेला. सोमवारपुरतं तुमचं हृदय उसनं द्या की. काम झालं की परत करते, आईशप्पथ."

आबा गप्प. हेडमास्तर उसनं द्यायच्या आधी असेच गप्प बसतात.

तिनं सहज स्टेथोस्कोप लावला. बटण एकावर होतं. लब-डब, लब-डब, आणि त्यांच्या मधे अगदी बारीक फुस्स.

खोली सांभाळणाऱ्या मामांना तिनं बोलावलं. मामांनी आबांच्या पाठीत एक धपाटा घातला. "स्पीकर जुना झालाय गं. माणसाचं वय झालं की काहीतरी वाजतंच."

सोमवारी सकाळी मैत्रीण तिची बॅग घेऊन मागून ओरडली, "अगं ए, आज स्टेशनं घेतली नाहीस?"

एक्स्प्रेसनं खाली बघितलं. ती तिसऱ्या मजल्यावर उभी होती. घाम नाही, धाप नाही. ओठ चावत तिनं स्टेथोस्कोप हातावर घासला आणि स्वतःच्या छातीला लावला. लब-डब. स्वच्छ, कोरं.

ती सरावाच्या खोलीत गेली. आबांचं बटण एकावरच होतं. तिनं कान दिला. लब-फुस्स-डब, लब-फुस्स-डब, आणि मग तो अडखळलेला ठोका.

तो ठोका पुस्तकात नव्हता. आबांच्या कुठल्याच आकड्यावर नव्हता. तो तिचा होता.

तिनं वाकून भिंतीतली पिन उपसली. आबांच्या छातीतलं फुस्स चालूच राहिलं. तिच्या मात्र डोळ्यांपुढे अंधार आला. मैत्रिणीचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा आला. "अगं, पिन कशाला काढलीस? मामा ओरडतील," असं म्हणत मैत्रिणीनं ती परत खोचली.

एक्स्प्रेसनं डोळे उघडले. ती फरशीवर होती.

"तपासणीला उपाशी आलीस ना?" मैत्रीण म्हणाली आणि तिच्या तोंडात बिस्कीट कोंबलं.

मोठ्या सरांनी तिला तपासलं. मग स्टेथोस्कोप झटकला. मग नर्सबाईंचा मागून घेतला.

"आजार आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"सर, तुम्हीच. दरवर्षी."

सरांनी खाकरून विषय बदलला. "जिना चढून ये बघू."

ती चढून आली. बहात्तर. सरांनी तिला पळत पाठवलं. परत बहात्तर. सर मनगट धरून बराच वेळ घड्याळाकडे बघत राहिले. घाम सरांनाच फुटला होता.

"खिशात मोबाइल आहे का तुझ्या? काहीतरी गुणगुणतंय."

"बाहेर ठेवलाय, सर."

सरांनी तिचं मनगट जरा घाईनंच सोडलं आणि फिट लिहून सही केली.

ती बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली. आनंदानंच. मग आईला फोन केला. आई म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी तुला उगाच भांडी घासू दिली नाहीत?"

ती हसली. खूप हसली. मग लक्षात आलं, इतकं रडून, इतकं हसून छातीत काही हललंच नव्हतं. आत सगळं एका संथ लयीत चाललं होतं.

संध्याकाळी ती वर गेली. मामा खोली बंद करत होते. खिडक्या लावून झाल्या होत्या. मामांचा हात मेन स्विचवर होता.

"मामा, थांबा."

"का गं?"

"तो बंद करू नका. आजचा दिवस."

"नियम आहे बाई. जाताना सगळं बंद."

"मामा, पाया पडते."

तिचा चेहरा बघून मामांनी हात खाली घेतला. "बरं, राहू दे. एका रात्रीनं काय होतंय? तसंही उद्या दिवसभर वीज नाहीच. वायरिंग बदलणार आहेत सगळ्या इमारतीचं."

मामा किल्ली शोधायला बाहेर गेले. ती आबांसमोर बसली.

"आबा, काम झालं," ती हळूच म्हणाली. "तुमचं घ्या परत. माझं द्या."

तिनं स्टेथोस्कोप तळहातावर घासला. घासत राहिली. तळहात काही ऊन होईना. शेवटी तिनं तो तसाच आबांच्या छातीला लावला. प्लास्टिक कोमट होतं.

लब-फुस्स-डब. लब-फुस्स-डब. ती त्या अडखळणाऱ्या ठोक्याची वाट बघत राहिली.

तो आलाच नाही. आबांना तिच्या हृदयाची सवय झाली होती.